सात चक्रांचा हिशेब: ओव्ह्युलेशनचा दिवस सांगणारे अ‍ॅप, थर्मामीटर आणि पट्ट्या

गर्भधारणेला अनुकूल दिवस कोणते, हे सांगणारा एक संच मी डिसेंबरपासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे पाळीची सात पूर्ण चक्रे, रोज वापरला आणि त्याची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवली. फोनवरचे अ‍ॅप, दोन दशांश स्थळांपर्यंत तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडण्याच्या, आधी लघवीत वाढणारे एलएच हे संप्रेरक ओळखणाऱ्या दहा पट्ट्यांचे दरमहा कुरिअरने येणारे पाकीट, अशा तीन गोष्टी त्यात मिळतात. कंपनीचे नाव देत नाही, कारण नंतर दोन मैत्रिणींच्या फोनवरची वेगळी अ‍ॅप्स पाहिली तेव्हा हिशेबाची रीत आणि तिच्यातली खोट दोन्ही जवळजवळ तीच निघाली. मी अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे हे परीक्षण डॉक्टरचे नाही. आकड्यांकडे संशयाने पाहण्याची सवय असलेल्या आणि मूल व्हावे म्हणून स्वतः प्रयत्न करत असलेल्या बाईचे आहे.

अ‍ॅप मराठीत आहे असे जाहिरातीत म्हटले होते आणि ते खरे आहे. पण ते मराठी एखाद्या यंत्राकडून उतरवून घेतल्यासारखे आहे. अनुकूल दिवसांना त्यात ‘सुपीक खिडकी’ असे नाव दिले आहे. आमच्याकडे सुपीक म्हटले की तापीकाठची काळी जमीन आणि केळीचे बाग डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे ते शब्द वाचताना हसू आवरत नव्हते. खरी तक्रार मात्र भाषेची नाही. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत ओव्ह्युलेशनची एकच तारीख येते, तिच्या आधीचे पाच दिवस आणि ती तारीख असे सहा दिवस हिरव्या रंगात दिसतात आणि बाकीचा महिना राखाडी. ही तारीख कितपत खात्रीची आहे, ती दोन दिवस अलीकडे-पलीकडे सरकू शकते की सात, याचा त्या पडद्यावर कुठेही उल्लेख नाही.

तारीख कशी काढली जाते हे अ‍ॅप सांगत नाही, पण तीन-चार चक्रांचे आकडे हाताशी आले की कोडे सुटते. तोवरच्या सर्व चक्रांच्या लांबीची सरासरी घ्यायची, तिच्यातून 14 वजा करायचे आणि येईल तो आकडा पूर्णांकात करून दाखवायचा, एवढाच तो कारभार आहे. सुरुवातीला मी जुन्या डायरीतून 28, 30 आणि 29 दिवसांची तीन चक्रे भरली होती. सरासरी 29, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून पंधरावा दिवस. पुढे माझी सात चक्रे अनुक्रमे 27, 31, 29, 34, 28, 30 आणि 29 दिवसांची झाली. पट्टीवरची दुसरी रेघ ठळक आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओव्ह्युलेशन झाले असे धरले (हेही अनुमानच आहे, पण त्यातल्या त्यात जवळचे), तर ते 14, 18, 17, 22, 15, 18 आणि 17 या दिवशी झाले. अ‍ॅपने सांगितलेला दिवस कायम 15 किंवा 16. सातपैकी तीन वेळा चूक एका दिवसाची, दोन वेळा दोन दिवसांची, एकदा तीन दिवसांची आणि एकदा तब्बल सात दिवसांची होती.

ही चूक नशिबाची नाही, रीतीची आहे. पाळीच्या चक्राचा पूर्वार्ध, म्हणजे स्त्रीबीज पक्व होण्याचा काळ, एकाच बाईतही महिन्यागणिक बराच कमीजास्त होतो. ओव्ह्युलेशननंतरचा उत्तरार्ध त्या मानाने स्थिर राहतो. माझ्याच वहीत उत्तरार्ध प्रत्येक वेळी 12 किंवा 13 दिवसांचा आहे. म्हणजे पाळी आल्यावर मागे वळून ‘ओव्ह्युलेशन अमुक दिवशी झाले असावे’ हे बऱ्यापैकी सांगता येते, पण पुढचे सांगायचे तर जो भाग हलतो त्याचेच भाकीत करावे लागते आणि सरासरी तिथेच तोकडी पडते. शिवाय उत्तरार्धासाठी धरलेला 14 हा आकडाही पाठ्यपुस्तकी आहे. 2019 मध्ये 1,24,648 स्त्रियांच्या सहा लाखांहून अधिक चक्रांचे जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात चक्राची सरासरी लांबी 29.3 दिवस, पूर्वार्ध 16.9 दिवस आणि उत्तरार्ध 12.4 दिवस असा हिशेब निघाला. ती माहितीही एका अ‍ॅपच्याच वापरकर्त्यांकडून आलेली होती. म्हणजे चांगला आकडा याच धंद्यात उपलब्ध असताना आमच्या संचाने जुनाच उचललेला आहे.

सहा दिवसांची ती हिरवी पट्टी मात्र अ‍ॅपने मनाने ठरवलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. तिचा आधार अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये 221 स्त्रियांवर झालेला आणि विल्कॉक्स, वाइनबर्ग व बेअर्ड यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्या स्त्रियांनी रोजच्या लघवीचे नमुने दिले, त्यातील संप्रेरकांवरून ओव्ह्युलेशनचा दिवस ठरवला गेला आणि 625 चक्रांमधील 192 गर्भधारणा तपासल्या तेव्हा असे आढळले की गर्भधारणा ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढ्यातच झाली होती. पाच दिवस आधी संबंध आल्यास शक्यता सुमारे 10 टक्के होती आणि ओव्ह्युलेशनच्या दिवशी सुमारे 33 टक्के. शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात आणि स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस टिकते, म्हणून हा काळ ओव्ह्युलेशनच्या आधी पसरलेला असतो आणि नंतर एकदम संपतो.

पण याच गटातील विल्कॉक्स, डन्सन आणि बेअर्ड यांनी 2000 मध्ये पुढचा प्रश्न विचारला की हे सहा दिवस कॅलेंडरवर नेमके कुठे येतात. आणि त्या वेळच्या वैद्यकीय सल्ल्यात सांगितलेल्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत ते संपूर्ण बसतात, अशा स्त्रिया सुमारे 30 टक्केच निघाल्या. अ‍ॅपने पहिल्या अभ्यासातले सहा दिवस घेतले आणि दुसऱ्या अभ्यासाकडे पाठ फिरवली. खिडकीची रुंदी बरोबर आहे, ती भिंतीवर कुठे बसवायची तेच ठाऊक नाही.

याची किंमत मला चौथ्या चक्रात, मार्च महिन्यात, मोजावी लागली. तोवरची सरासरी 29 होती, म्हणून अ‍ॅपने दहा ते पंधरा हे दिवस हिरवे केले आणि दहाव्या दिवसापासून पट्ट्या वापरायला सांगितले. पाकिटात पट्ट्या दहाच. रोज एक याप्रमाणे एकोणिसाव्या दिवशी पाकीट रिकामे झाले आणि एकाही पट्टीवर दुसरी रेघ पहिलीच्या, म्हणजे नियंत्रण रेघेच्या, तोडीची आली नव्हती. सोळाव्या दिवशीच पडद्यावर ‘या महिन्यातील संधी संपली आहे’ असे वाक्य झळकले होते आणि त्याखाली एक कोमेजलेले फूल काढलेले होते, ज्याची काहीही गरज नव्हती. विसाव्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये गेले. ओव्ह्युलेशनची पट्टी मागितली तर काउंटरवरच्या मुलाने न बोलता गर्भचाचणीचे किट वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केले. हे नव्हे, दुसरे, असे सांगितल्यावर त्याने मालकांना हाक मारली, मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि आतल्या कपाटातून पाच पट्ट्या शोधून दिल्या. त्या संध्याकाळची रेघ फिकी होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकविसाव्या दिवशी, ती नियंत्रण रेघेपेक्षाही गडद आली. माझे खरे अनुकूल दिवस सतरा ते बावीस होते. अ‍ॅपने सांगितलेल्या सहा दिवसांशी त्यांचा एकही दिवस जुळत नव्हता.

त्या महिन्यात ओव्ह्युलेशन लांबले कशाने, हे सांगता येणार नाही. मधे चार दिवस ताप होता, परीक्षेचे काम होते, आणि एका आकड्यावरून कारण काढू नये असे मी दरवर्षी मुलांना सांगते. पण भाकीत करणाऱ्याने अशा महिन्याची सोय आधीच ठेवायला हवी. जपानचे क्यूसाकू ओगिनो यांनी 1924 मध्ये आणि ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस यांनी 1928 मध्ये मांडलेल्या विचारावरून रूढ झालेला कागद-पेन्सिलीचा नियम घ्या: सर्वांत लहान चक्रातून 18 वजा करा, सर्वांत मोठ्यातून 11 वजा करा, मधले दिवस अनुकूल समजा. चौथ्या चक्राच्या आधी माझ्याकडे जे सहा आकडे होते, त्यांवर हा नियम लावला तर नऊ ते वीस असे उत्तर येते, म्हणजे खऱ्या सहा दिवसांपैकी चार तरी हाती लागले असते. शंभर वर्षांपूर्वीचा नियम ढोबळ आहे, बारा दिवस सांगून तो फारशी मदत करत नाही हेही खरे. पण आपल्याला किती कमी ठाऊक आहे हे तो लपवत नाही. तीच गोष्ट आपल्याकडे कुटुंबनियोजनासाठी आलेल्या ‘माला चक्र’ या मण्यांच्या माळेची. ती आठवा ते एकोणिसावा दिवस धरते आणि ज्यांचे चक्र 26 ते 32 दिवसांच्या बाहेर जाते त्यांनी मला वापरू नये, असे स्वतःच बजावते. साडेआठशे रुपये वर्गणी घेणाऱ्या अ‍ॅपकडून एवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणे चूक नाही.

आता थर्मामीटर. वस्तू म्हणून तो उत्तम आहे: हलका, मऊ टोकाचा, आदल्या दिवसाचा आकडा लक्षात ठेवणारा. घरातल्या तापाच्या थर्मामीटरने हे काम होत नाही, कारण ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचे सकाळचे तापमान साधारण 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअस एवढेच चढते. रोज अंथरुणातून उठण्याआधी, शक्यतो एकाच वेळी मोजायचे आणि आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे तीन आकडे सलग मिळाले की ओव्ह्युलेशन होऊन गेले असे समजायचे, ही सर्वमान्य रीत आहे. आठवडाभर माझे हे चालले आणि सासूबाईंनी दारातूनच विचारले, “का वं माय, रोज सकायले ताप मोजस, बरं नही का तुले?” त्यांना काय सांगावे, हे अ‍ॅपच्या मार्गदर्शिकेत नव्हते. मी खरे ते सांगितले, आणि त्यानंतर थर्मामीटर उशाशी ठेवायची आठवण त्याच करू लागल्या.

अडचण आली ती नळाच्या पाण्याची. आमच्या गल्लीत दोन दिवसांआड, पहाटे साडेचारच्या सुमारास पाणी सुटते. एरवी मी साडेसहाला उठते. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि उठण्याच्या वेळेपर्यंत चढत जाते, त्यामुळे पाण्याच्या दिवशीचा आकडा हटकून खाली यायचा. माझ्या नोंदींत तो फरक 0.1 ते 0.2 अंशाचा आहे, म्हणजे जी चढण शोधायची तिच्याच मापाचा. आता गंमत पाहा: सलग तीन उंच आकडे हवेत आणि दर तिसरा दिवस पाण्याचा. सात चक्रांपैकी चार चक्रांत अ‍ॅपला ती तिकडी सापडलीच नाही, आणि त्याने थेट ‘ओव्ह्युलेशन झाले नसण्याची शक्यता’ असा इशारा दिला. हा इशारा वाचून एखादी बाई रात्रभर जागी राहील. तापमानासोबत उठण्याची वेळ नोंदवायला एक रकाना दिला असता आणि हिशेबात तिची वजावट केली असती, तर हा प्रश्न मिटला असता; संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात त्याहून अवघड त्यात काही नाही.

आखाजीला चार दिवस माहेरी गेले, थर्मामीटर इकडेच राहिला. परत आल्यावर पाहते तो आलेखावर खंडच नाही. न मोजलेल्या चार दिवसांवरून अ‍ॅपने आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंना जोडणारी गुळगुळीत रेघ ओढली होती आणि तिचे आकडे हिशेबातही धरले होते. मेमध्ये तर मी नादच सोडला. रात्री गच्चीवर झोपायचे, तीनला वारा पडला की खाली येऊन कूलरसमोर आडवे व्हायचे, मध्येच वीज जायची. अशा रात्रीनंतरच्या आकड्याला शरीराचे विश्रांतीतले मूळ तापमान म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होते.

पट्ट्या मात्र उपयोगी आहेत, आणि संचातली पैसे वसूल करणारी वस्तू तीच. एलएचची लाट सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 36 तासांत ओव्ह्युलेशन होते, म्हणून थर्मामीटर जे घडून गेल्यावर सांगतो ते पट्टी आधी सांगते. गर्भचाचणीत फिकी रेघही ‘आहे’ असे सांगते. इथे दुसरी रेघ नियंत्रण रेघेएवढी किंवा तिच्याहून गडद हवी, हा फरक पाकिटावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत आहे आणि अ‍ॅपच्या मराठीत कुठेच नाही. फोटो काढून रेघ वाचण्याची सोय आहे, पण न्हाणीघराच्या पिवळ्या दिव्यात ती दोनदा चुकली. खिडकीशी नेऊन डोळ्यांनी पाहिलेले बरे. पीसीओएस हा बीजकोश आणि संप्रेरकांशी संबंधित विकार असलेल्या स्त्रियांमध्ये एलएच मुळातच वाढलेले असू शकते आणि पट्टी पुन्हा पुन्हा गडद येऊन फसवू शकते, हे त्यांनी लक्षात ठेवून आधी डॉक्टरांशी बोलावे.

खान्देशात या पट्ट्या वापरणाऱ्यांनी पाकिटावरची एक ओळ जरूर वाचावी: साठवणुकीचे तापमान 30 अंशांपर्यंत. पारा 44-45 वर जातो त्या दिवसांत आमच्या घराचा कोणताही कोपरा तिशीच्या खाली नसतो, आणि कुरिअरची पेटी दुपारभर डिलिव्हरीच्या गाडीत तापत असते ती वेगळीच. मी एप्रिलपासून पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि वापरण्याआधी पाकीट न फोडता थोडा वेळ बाहेर काढून ठेवू लागले. दुसरी ओळ सांगते की तपासणीआधी दोन तास पाणी कमी प्या, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. मे महिन्यात दुपारी ही सूचना पाळू नये. उन्हाळी लागण्यापेक्षा सकाळी उशिरा एक आणि संध्याकाळी एक अशा दोन पट्ट्या वापराव्यात. एका पट्टीला तीस-चाळीस रुपये पडतात, तेवढे सोसतात.

अ‍ॅपमध्ये ‘आजची शक्यता’ नावाचा एक काटा आहे. तो कमी, मध्यम, उच्च एवढेच बोलतो. सलग दिवस संबंधाची नोंद केली की काटा दरवेळी तेवढाच पुढे सरकतो, म्हणजे दिवसांच्या शक्यतांची तो चक्क बेरीज करतो. ही बेरीज चालत नाही, हे बॅरेट आणि मार्शल यांनी 241 ब्रिटिश जोडप्यांच्या नोंदींवरून 1969 मध्येच दाखवले होते: प्रत्येक दिवशी गर्भधारणा न होण्याची शक्यता घ्यायची, त्या सर्वांचा गुणाकार करायचा आणि तो एकातून वजा करायचा. 1980 मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी त्यात आणखी एक घटक घातला, की काही चक्रांत दिवस कितीही अचूक साधला तरी गर्भधारणा व्हायचीच नसते. बीज, अस्तर, संप्रेरके, काहीतरी त्या महिन्यापुरते जुळलेले नसते. मला वाटते हा घटक अ‍ॅपवर दिसला असता तर तो सगळ्यांत मोठा दिलासा ठरला असता. नॉर्थ कॅरोलायनाच्या अभ्यासातही रोज संबंध आल्यास चक्रामागे सुमारे 37 टक्के आणि एक दिवसाआड आल्यास 33 टक्के एवढाच फरक निघाला होता. हे ठाऊक असते तर हिरव्या दिवसांत घराला परीक्षा केंद्राचे रूप आले नसते.

जाहिरातीत ‘आमच्या बहुतेक वापरकर्त्या सहा महिन्यांत गर्भवती’ असे आहे. चक्रामागे प्रत्येकीला 20 टक्के शक्यता आहे असे धरले, तर काहीही न वापरता सहा चक्रांत सुमारे 74 टक्के आणि बारा चक्रांत सुमारे 93 टक्के गर्भवती होतील. मग श्रेय कोणाचे? प्रत्यक्षात शक्यता प्रत्येकीची सारखी नसते. ज्यांची जास्त, त्या आधी यादीतून बाहेर पडतात आणि उरलेल्यांची सरासरी महिन्यागणिक उतरत जाते. चक्रामागच्या शक्यतेची ही कल्पना कोरादो जिनी यांनी 1924 मध्ये मांडली. उत्पन्नातील विषमता मोजणारा जिनी गुणांक ज्यांच्या नावाने आहे तेच हे गृहस्थ. सातव्या महिन्यात असलेल्या बाईला पहिल्या महिन्याचेच आकडे दाखवत राहणे ही अ‍ॅपची आणखी एक चूक.

नोंदणीच्या वेळी अ‍ॅपने माझे वय, वजन, झोप, ताण, गर्भपाताचा इतिहास असे पुष्कळ विचारले. नवऱ्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो आणि वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांतली सोपी तपासणी आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे, हा प्रचलित सल्ला मुखपृष्ठावर असायला हवा. तो मदत विभागात चार पडदे आत आहे. अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादीची परवानगीही मागितली, ती मी नाकारली, आणि तुम्हीही नाकारा. पाळीची माहिती जाहिरातदारांकडे जाते ही निव्वळ भीती नाही. अशाच एका लोकप्रिय अ‍ॅपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2021 मध्ये कारवाई केली होती.

आपली सगळी माहिती फाइलमध्ये उतरवून घेता येते, ही सोय मात्र मनापासून आवडली. फक्त तारखांत महिना आधी लिहिलेला असतो, त्यामुळे माझा 4 मार्च संगणकावर 3 एप्रिल झाला होता. वर्गणी डिसेंबरपर्यंत आहे, पुढे भरणार नाही. थर्मामीटर कपाटात ठेवला आहे. पट्ट्या सुट्या मागवते, दहाव्या दिवसापासून सुरू करते आणि चक्रामागे चौदा धरते. आज आठव्या चक्राचा बारावा दिवस आहे. अ‍ॅपवर हिरवे फूल फुललेले आहे, पट्टीवरची दुसरी रेघ अजून फिकी आहे आणि फ्रिजमधल्या डब्यात अकरा पट्ट्या शिल्लक आहेत.